तारण, बोजा आणि धुरा

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळच्या एका पतसंस्थेच्या दारावर ‘सोनेतारण कर्ज त्वरित मिळेल’ अशी पाटी होती, आणि तिथून शंभरेक पावलांवर आमच्या चर्चच्या भिंतीवर ‘येशू ख्रिस्त जगाचा तारणारा’ असे निळ्या अक्षरांत रंगवलेले होते. नुकतेच वाचायला लागलेल्या वयात मी या दोन्ही पाट्या एकाच धंद्याच्या समजत असे. एका वर्षी आईची पोत पहिल्या दारातून आत गेली आणि कापसाचे पैसे आल्यावर सोडवून आणली गेली. त्यानंतर रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब ‘प्रभूने आपल्याला खंडून घेतले आहे’, म्हणजे मोल भरून सोडवले आहे, असे म्हणाले, की माझ्या डोळ्यांसमोर ती पोतच येई. आता साठी ओलांडल्यावर वाटते, की माझा तो गोंधळ अगदीच पोरकट नव्हता. ‘तृ’ म्हणजे तरणे, पार जाणे. कर्जाला पैलतीर दाखवते ते एक तारण आणि माणसाला पैलतीरी नेते ते दुसरे.

हे सारे पुन्हा आठवायला कारण घडले ते गेल्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बारा ते तीन या वेळात वधस्तंभावरील (क्रूसावरील) येशूच्या सात उद्गारांवरची उपासना होते, आणि चैत्रवैशाखाच्या त्या उन्हात पत्र्याखाली बसणे हीच निम्मी तपश्चर्या असते. उपासना आटोपून घराकडे परतत होतो, तेव्हा शेजारचे माळकरी आबाजी निंबाखालच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी हाक मारून पाणी दिले आणि म्हणाले, “गुरुजी, एक इचारू काय? राग नका मानू. तुमच्या देवाले माफच करायचं होतं, तं मंग पोराले कायले मरू देल्लं?”

मी लहानपणापासून पाठ असलेले उत्तर दिले, की पापाची शिक्षा मरण आहे, ती येशूने आपल्या जागी भोगली. आबाजी “बरं” म्हणाले. आमच्या भागात समोरच्याचे पटलेले नसते, पण त्याला दुखवायचेही नसते, तेव्हा असेच “बरं” म्हणतात. त्या रात्री माझ्या लक्षात आले, की माझे उत्तर मलाही फारसे पटलेले नाही, ते नुसते सवयीचे झाले आहे.

अडचण शब्दापासूनच सुरू होते. आपल्याकडे ‘प्रायश्चित्त’ म्हटले, की पाप करणाराच ते घेतो. परंपरेत त्या शब्दाची फोड ‘प्राय’ म्हणजे तप आणि ‘चित्त’ म्हणजे निश्चय अशी सांगतात. व्रत, उपवास, तीर्थस्नान, दान किंवा जातीने सांगितलेला दंड, जे काही असेल ते चुकलेल्या माणसाने स्वतः करायचे असते. मराठी बायबलमध्ये हाच शब्द घेतला गेला, पण तिथे त्याचा कर्ता बदलला. ख्रिस्ती श्रद्धेत ज्याचा अपराध झाला तो देवच प्रायश्चित्ताची सोय करतो आणि अपराध्याने ती स्वीकारायची असते. आबाजींना, आणि खरे सांगायचे तर आमच्या बाकांवर बसणाऱ्या कितीतरी जणांना, हा बदल कोणी नीट उलगडून दाखवलेला नाही.

पापाविषयीही तसेच. बायबलच्या नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द सर्वाधिक येतो, तो ‘हमार्तिया’, आणि त्याच्या मुळाशी नेम चुकण्याचा अर्थ आहे. पहिल्या शतकातल्या प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सर्वांनी पाप केले आहे आणि ते देवाच्या गौरवाला ‘उणे पडले’ आहेत, असे मराठी भाषांतर आहे. हे ‘उणे पडणे’ मला फार नेमके वाटते. पाप म्हणजे केवळ मोडलेल्या नियमांची यादी नसून माणूस जसा व्हायला हवा होता त्यात पडलेली तूट आहे, आणि ती तूट स्वतःच्या खिशातून भरून काढता येत नाही, हा त्या पत्राचा गाभा आहे.

आता बकऱ्यांकडे येतो, कारण आबाजींच्या प्रश्नातले रक्त तिथून आले आहे. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे, ज्याला यहुदी आजही योम किप्पूर म्हणतात. महायाजकासमोर दोन बकरे आणत आणि त्यांवर चिठ्ठ्या टाकत. एक परमेश्वरासाठी वधला जाई आणि त्याचे रक्त परमपवित्रस्थानातील, म्हणजे सर्वांत आतल्या गाभाऱ्यातील दयासनावर शिंपडले जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून महायाजक लोकांचे सर्व अपराध कबूल करी आणि तो बकरा माणसाकरवी रानात सोडून दिला जाई. हा दुसरा बकरा समजायला विदर्भातल्या माणसाला टीकाग्रंथ लागत नाही. माझे आजोळ वर्धा जिल्ह्यातले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे ‘इडा पिडा घेऊन जाय गे मारबत’ असे ओरडत आम्ही पोरे, गावची पीडा जिच्यासोबत हाकलतात त्या मारबतीमागे शिवेपर्यंत धावत गेलेलो आहोत. आजी ख्रिस्ती असल्यामुळे रागावे, पण दारात उभी राहून पाहतही असे. गावाला आपल्यात साचलेले काहीतरी शिवेबाहेर घालवावेसे वाटते, ही भूक जुनी आहे आणि ती फक्त इस्राएल लोकांची नाही.

पहिल्या बकऱ्याच्या बाबतीत मात्र मारबतीचे नव्हे, तर नवसाच्या बोकडाचे चित्र आपल्या मनात येते, आणि तिथेच घोटाळा होतो. नवसात माणूस देवाला काहीतरी देतो, म्हणजे कोपलेला देव शांत होईल. लेवीयाच्या सतराव्या अध्यायात देव म्हणतो, की प्राण्याचे जीवन रक्तात असते आणि ते मीच तुम्हाला वेदीवर प्रायश्चित्तासाठी दिले आहे. इथे देणारा देव आहे आणि घेणारा माणूस. माझ्या समजुतीप्रमाणे ख्रिस्ती तारणशास्त्राचा सगळा डोलारा या एका वाक्याच्या दिशेवर उभा आहे. ती दिशा उलटी धरली, की येशूचा वधस्तंभ म्हणजे फक्त मोठा नवस उरतो. पुढे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापे जाणे शक्यच नाही, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे बोट दाखवून म्हणतो, की ‘हा पाहा, जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा’. कोकरा देवाचा, देवाने आणलेला.

दुसरा अडखळणारा शब्द ‘खंडणी’. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, की मनुष्याचा पुत्र सेवा करायला आणि पुष्कळांच्या खंडणीसाठी आपला जीव द्यायला आला आहे. आजचा वाचक हा शब्द वर्तमानपत्रात गुंडांच्या बातमीत वाचतो आणि बिचकतो. मूळ ग्रीक शब्द गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी भरायच्या रकमेचा होता. पण बिचकणे अगदीच गैर नाही, कारण पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती विचारवंतही याच प्रश्नाशी अडले होते, की ही रक्कम भरली कोणाला? ओरिगेनच्या विचाराचा कल सैतानाला भरली असा होता. निस्साच्या ग्रेगरीने तर गळाचा दृष्टान्त दिला, की देहाच्या आमिषाआड देवत्वाचा आकडा होता आणि सैतानाने तो गिळला. त्याचाच समकालीन नाझियान्झसचा ग्रेगरी मात्र संतापून विचारतो, की लुटारूला देवाकडून खंडणी मिळावी हे लज्जास्पद नाही काय, आणि पित्याला दिली म्हणावे, तर पित्याने आपल्याला कैदेत टाकलेच कधी होते? चौथ्या शतकातल्या या माणसाला आमच्या आबाजींच्या शेजारी ओट्यावर बसवले असते, तर दोघांचे चांगले जमले असते.

मला स्वतःला या ‘सोडवण्या’चा अर्थ लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायातून अधिक कळतो. एखादा भाऊबंद कंगाल होऊन आपले वतन विकून बसला, तर त्याच्या जवळच्या आप्ताने पुढे येऊन ते सोडवावे, असा तिथे नियम आहे. रूथच्या गोष्टीतला बवाज तेच करतो. सोडवणारा परका सावकार नसतो, तो नात्यातला असतो, आणि नाते असते म्हणूनच त्याला पदरचे घालावे लागते. देवाने मनुष्य का व्हावे, याचे उत्तर मला या नियमात सापडते. सोडवायचे, तर आधी आप्त व्हावे लागते.

पुढची मांडणी त्या त्या काळाच्या व्यवस्थेतून आली. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने सरंजामी समाजातल्या मानमरातबाच्या भाषेत सांगितले, की पापाने देवाचा मान हिरावला गेला, त्याची भरपाई माणसाने करायला हवी, पण ती करण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव-मनुष्य. पुढच्या शतकात फ्रेंच विचारवंत आबेलार्डने भर दिला तो वधस्तंभावरच्या प्रीतीने माणसाचे मन पालटते यावर. आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक या दुसऱ्या वाटेच्या जवळचे असावेत, असे मला वाटते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत हाती आलेल्या नव्या करारातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना आधी ओढले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोळाव्या शतकात, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या धर्मसुधारक कॅल्विनच्या हाती न्यायालयाची भाषा पक्की झाली, ज्यात आपल्यावरची शिक्षा ख्रिस्ताने भोगली.

आमच्या भागात जे पोहोचले ते मुख्यतः हे शेवटचे. १९८३ साली पुण्याला जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळला होती, आणि तिथले विद्यार्थी रविवारी सायकलने आमच्याकडे येत. त्यांच्यापैकी पुष्कळ जण न्यायाधीशाची गोष्ट सांगत, की न्यायाधीशाने आरोपीला फाशी ठोठावली आणि मग आपल्या निरपराध मुलाला त्याच्या जागी उभे केले. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण ती गोष्ट मला आज अपुरी आणि काहीशी घातक वाटते. असा न्यायाधीश कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात एक दिवस टिकणार नाही. शिवाय तिच्यात बाप एक, मुलगा दुसरा आणि दोघांचे मन वेगळे असे चित्र उभे राहते. पौल करिंथकरांस लिहितो ते असे, की देव ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. ‘पोराले मरू देल्लं’ हा आरोप ज्या गोष्टीवर बसतो ती गोष्ट आम्हीच गावात पेरली आहे, त्यामुळे त्याचा राग आबाजींवर काढता येत नाही.

मग माफच करायचे होते तर मरण कशाला? याचे उत्तर मी कोर्टात शोधण्यापेक्षा कर्जाच्या वहीत शोधतो. प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाच्या पाठानुसार आम्ही म्हणतो, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’. लूकाच्या पाठात ऋणाच्या जागी ‘पापे’ आहे. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तीत ‘होबा’ या एकाच शब्दाला दोन्ही अर्थ होते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात दहा हजार तालांत देणे असलेल्या चाकराचा दाखला आहे. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. आमच्याकडची निंदणाची रोजी ३०० रुपये धरली, तर ते देणे १,८०० कोटी रुपये होते आणि त्याच चाकराचे दुसऱ्याकडचे शंभर दिनारांचे येणे ३० हजार. राजाने पहिले सोडले, चाकराने दुसऱ्यासाठी गळा धरला. हा दाखला वर्गात फळ्यावर मांडला, तर पोरे हसतात. घरी येऊन मांडला, की हसू येत नाही.

कर्जमाफीचे तर आम्ही तज्ज्ञच. २००८ ची केंद्राची, २०१७ ची राज्याची, २०१९ ची, सगळ्यांच्या रांगांत उभे राहिलेलो आहोत. पहिलीत दोन हेक्टरांची रेघ होती. कोरडवाहू जमीन नावावर थोडी जास्त असली, की माफी जाऊन सवलत उरे आणि तीही बाकीचे भरल्यावर. पण त्या रांगांनी एक गोष्ट शिकवली, की माफ झालेले कर्ज हवेत विरत नाही. शेतकऱ्याच्या नावासमोरचा आकडा शून्य होतो, तेव्हा तो दुसऱ्या कोणाच्यातरी तिजोरीतून भरला जातो. सावकाराने स्वतः होऊन सोडले, तर सावकाराचे तेवढे बुडते. माफी घेणाऱ्याला फुकट असते, देणाऱ्याला कधीच नसते. वधस्तंभ म्हणजे देवाचे बुडालेले ते घेणे आहे, जे त्याने आपल्याच अंगावर घेतले. दुसऱ्या कोणी बाहेरून पैसे भरून देवाला राजी केले, असे तिथे काही घडलेले नाही.

बोजाविषयी थोडे सांगायला हवे. वडिलांनी सोसायटीचे कर्ज फेडले, पण सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा तसाच राहिला, कारण दाखला घेऊन कोणी तलाठ्याकडे गेलेच नाही. अकरा वर्षांनी नव्या कर्जासाठी उतारा काढला, तेव्हा कळले, की आम्ही एवढी वर्षे कागदावर कर्जबाजारीच होतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात देवाने आपल्याविरुद्धचा ऋणाचा लेख खोडून वधस्तंभाला खिळला असे म्हटले आहे. तरीही आमच्यातले कितीतरी धार्मिक लोक आयुष्यभर फेडलेल्या कर्जाचे हप्ते भरत असल्यासारखे जगतात, उपास वाढवतात, देणग्या वाढवतात आणि पडलेला चेहरा हेच भक्तीचे लक्षण समजतात.

ऋणाची ही भाषाही एका जागी थांबते, हे मान्य केले पाहिजे. पौलाच्या मते ख्रिस्त उठला नसता तर आपण अजून पापातच असतो, म्हणजे केवळ शुक्रवारी हिशेब मिटून तारण पुरे होत नाही, त्याला रविवारची पहाट लागते. शिवाय ज्या ग्रीक क्रियापदाचे आपण ‘तारणे’ करतो, तेच येशू रक्तस्रावी स्त्रीला ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ असे म्हणतो तिथेही आहे. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) ख्रिस्ती मंडळ्यांनी पापाकडे गुन्ह्यापेक्षा आजार म्हणून अधिक पाहिले. कर्ज फिटले तरी दारूचे व्यसन तसेच राहिलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला या फरकाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

हे सारे मला पुस्तकांतून कळले, पण पटले ते धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर. वडील गेल्यावर थोरल्या भावाची आणि माझी वाटणी झाली. मध्ये बोरीचे एक झाड आणि रुंद धुरा होता. दरवर्षी नांगरणीच्या वेळी मी तो थोडाथोडा कोरत गेलो, कधी नांगराचे एक तास, कधी दोन. सात वर्षांत बोरीचे झाड धुऱ्यावरून माझ्या वावरात आले, म्हणजे झाड तिथेच राहिले, धुराच पलीकडे सरकला. मी तेव्हा मंडळीचा वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातला ज्येष्ठ, होतो आणि दर महिन्याला प्रभुभोजन घेत होतो. पुतण्याने मोजणीचा अर्ज करायचे काढले, तेव्हा भावाने त्याला थांबवले. मी घाबरत त्यांच्या घरी गेलो, तर ते एवढेच म्हणाले, “मले पयल्याच वर्सी दिसलं होतं. मी तेव्हाच सोडलं.” सात हंगाम त्यांची दोन ओळी तूर कमी झाली होती, आणि ‘भावानं वावर खाल्लं तरी याच्या तोंडून शब्द निघत नाही’ हे टोमणे त्यांनी चावडीवर ऐकले होते. माझी लाज त्यांनी आपल्या तोंडावर घेतली होती. त्या दिवशी मला ‘दुसऱ्याने भोगणे’ या शब्दांचा अर्थ कळला, आणि त्यात न्यायाधीश कुठेच नव्हता.

पंधरा दिवसांनी मी आबाजींना ही गोष्ट सांगितली. बकरे, दोन्ही ग्रेगरी, अन्सेल्म यांतले काही सांगितले नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चंची उघडली, सुपारी कातरली आणि विचारले, “आन वावर वापस केलं काय?”

मी गप्प राहिलो. लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय मी शाळेत आणि चर्चमध्ये शेकडो वेळा शिकवला आहे. येशू आधी त्याच्या घरी गेला, एक पैसा परत होण्याच्या आधी. मग जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, की अन्यायाने घेतलेले चौपट परत करतो, आणि येशू म्हणाला, की आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे. क्षमा आधी, परतफेड नंतर, असा तो क्रम मी मोठ्या अभिमानाने समजावून सांगत असे. भावाने क्षमा करून तेव्हा बारा वर्षे झाली होती आणि माझ्याकडून क्रमातला दुसरा भाग अजून व्हायचा होता.

मृगाच्या आधी, ढेकळे अजून कोरडी असताना, मी दोरी घेऊन वावरात गेलो. भाऊ आता गुडघ्यांमुळे वावरात येत नाहीत, पुतण्या आला. बोरीच्या झाडापासून मोजून आम्ही नवा धुरा घातला. त्याने दोरीचे दुसरे टोक धरले होते आणि एका जागी तो म्हणाला, “काका, तुमी जास्त सोडून रायले.” मी म्हणालो, “धर तू.”